तालुक्याच्या गावातील संग्रहालयाचे प्रवेशशुल्क कसे ठरवावे

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्रवेशशुल्काचा विषय बहुधा शेवटी येतो आणि दहा मिनिटांत संपतो. कोणी म्हणते, शेजारच्या तालुक्यात वीस रुपये घेतात, म्हणून आपणही वीस घ्यावेत. दुसरे कोणी म्हणते, फुकट मिळाले की लोकांना किंमत राहत नाही. तिसऱ्याच्या मते इतिहास सगळ्यांचा आहे, त्याला तिकीट कसले? तिन्ही मते प्रामाणिक असतात, परंतु आपल्या दारात रोज काय घडते याची नोंद त्यांपैकी एकाच्याही मागे नसते. एका लहान, ट्रस्टच्या संग्रहालयाच्या कामात मी काही वर्षे आहे आणि अशा बैठकांत मीही बसलो आहे. हा निर्णय जरा नीट कसा घ्यावा, हे अशाच संस्थांच्या विश्वस्तांसाठी येथे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. शुल्क घेण्यात काही गैर नाही. मात्र ते ठरवताना 'किती रुपये जमतील' हा प्रश्न दुसरा असावा आणि 'या रकमेमुळे दारातून कोण परत जाईल' हा पहिला.

दारात बसून मोजणी करावी

दर ठरवण्याआधी निदान दोन महिने, आणि त्यांत एक सुट्टीचा महिना येईल अशा बेताने, दारात मोजणी करावी. तिकिटांच्या स्थळप्रतींवरून आत गेलेल्यांचा आकडा मिळतोच. त्याच्या शेजारी नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा आणि फलक वाचून, खिडकीपाशी विचारपूस करून परत फिरलेल्यांची तेथे नुसती रेघ ओढावी. नावगाव विचारू नये, कारण परत चाललेल्या माणसाला थांबवून कारण विचारणे त्याला अवघड वाटते. कुटुंबातील काहीजण आत गेले आणि काहीजण बाहेर थांबले, तर त्यांचीही वेगळी खूण करावी. हा तिसरा प्रकार आम्हाला आधी सुचलाच नव्हता.

तो सुचला एका मे महिन्यातल्या दुपारी. एसटीने आलेले कुटुंब होते : आजी, सून आणि तीन मुले. त्या वेळी आमच्याकडे मोठ्यांना वीस आणि मुलांना दहा रुपये दर होता. आजींनी फलकाकडे पाहिले, पिशवी मांडीवर घेतली आणि पायरीवर बसत सुनेला म्हणाल्या, "माझं काय बघायचंय त्यात, पोरांना दाखवून आण." आतल्या दुसऱ्या दालनात घरगुती वस्तूंची मांडणी आहे. तेथे दळणाचे जाते आहे, तांब्याचा बंब आहे, शेर, मापटे, चिपटे अशी धान्याची मापे ओळीने ठेवली आहेत. मुले प्रत्येक वस्तूपाशी "हे काय?" म्हणून विचारत होती आणि सून पाटीवरचा मजकूर वाचून दाखवत होती. जात्याखालच्या पाटीवर 'धान्य दळण्याचे साधन' एवढेच लिहिलेले होते. ज्या बाईने अर्धे आयुष्य त्या खुंट्याला हात घालून काढले असेल, ती बाहेर पायरीवर बसली होती. त्या दिवशीच्या हिशेबात त्या कुटुंबाचे पन्नास रुपये जमा दिसले, आणि वीस रुपयांनी आपण काय गमावले ते कोणत्याच रकान्यात दिसले नाही.

मोजणीच्या जोडीला एक दिवस संग्रहालयाबाहेर पडून एसटी स्थानकावर, देवळाच्या रांगेत आणि बाजारात लोकांशी बोलावे. औंधच्या भवानी संग्रहालयाकडे यमाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबे वळतात. त्याचप्रमाणे आपल्याकडेही माणूस बहुधा दुसऱ्याच कामासाठी गावात आलेला असतो आणि त्याच्या खिशातले पैसे भाडे, प्रसाद, मुलांचा खाऊ यांत आधीच वाटले गेलेले असतात. पाच माणसांच्या कुटुंबाला वीस रुपयांचे तिकीट शंभर रुपयांना पडते. दर ठरवताना एका माणसाचा आकडा न पाहता कुटुंबाचा आकडा पाहावा, ही सवय मंडळाने लावून घेतली तर पुष्कळसे वाद आपोआप मिटतात.

शुल्क गोळा करण्याचा खर्च मांडावा

दुसरे काम कागदावरचे आहे आणि ते टाळले जाते. तिकिटातून किती जमते हे सगळ्यांना ठाऊक असते. ते जमवायला किती जाते हे सहसा कोणी लिहून काढत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वर्षाला १२,००० माणसे येतात. त्यांपैकी ५,००० शाळांच्या सहलींतली मुले असून त्यांना प्रवेश मोफत आहे. उरलेल्या ७,००० जणांकडून प्रत्येकी २० रुपये घेतले, तर १,४०,००० रुपये होतात. केवळ तिकिटासाठी एक माणूस दरमहा १०,००० रुपयांवर ठेवला, तर त्याचेच १,२०,००० झाले. तिकीटपुस्तके, छपाई आणि किरकोळ खर्च ८,००० धरला, तर संस्थेच्या हाती वर्षाकाठी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार उरतात. एवढ्यासाठी आपण दारात अडसर घातलेला असतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो आणि तो तसा मांडला पाहिजे. तिकीट देणारा माणूस पहाराही करत असेल, पादत्राणे आणि पिशव्या सांभाळत असेल, आलेल्यांना दालनांची दिशा दाखवत असेल, तर तो तिकीट नसले तरी लागणारच आहे. अशा वेळी त्याचा सगळा पगार तिकिटाच्या नावे टाकणे चुकीचे ठरेल. दर २० वरून ३० केला आणि त्यामुळे हजार माणसे कमी झाली असे धरले, तरी ६,००० जणांचे १,८०,००० रुपये जमतात. हिशेबाने दर वाढवणे फायद्याचेच दिसते. म्हणूनच नुसत्या हिशेबावर निर्णय सोडू नये, असे मला वाटते. ती हजार माणसे कोण आहेत हे ताळेबंद सांगत नाही. ते पहिल्या नोंदवहीतच सापडते.

करासंबंधी एक गोष्ट अनेक विश्वस्तांना माहीत नसते. संग्रहालयातील प्रवेशाच्या सेवेला वस्तू व सेवा करातून २०१७च्या अधिसूचनेनेच सूट दिलेली आहे. पुस्तके, प्रतिकृती, चहा-नाश्ता यांच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत आणि ते आपल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावेत. विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातोच, तेव्हा तिकिटाची, देणगीची आणि विक्रीची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या खात्यांवर लिहावी. वर्षाअखेरीस तिन्ही रकमा एकत्र झालेल्या असल्या, की शुल्काविषयी कोणताही निर्णय अंदाजानेच घ्यावा लागतो.

पैसा कोठून येतो ते पाहून दुसऱ्यांचे अनुकरण करावे

मुंबईत काळा घोडा परिसरात पाच मिनिटांच्या अंतरात तीन दरवाजे आहेत. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे आणि तेथे प्रेक्षकाला तिकीट नाही. प्रदर्शन भरवणारा कलावंत दालनाचे भाडे भरतो. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते केंद्र सरकारचे असल्यामुळे भारतीय प्रेक्षकाला नाममात्र शुल्कात आत जाता येते. शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. ते स्वायत्त विश्वस्त संस्था म्हणून चालते, आणि म्हणून तेथे तिकिटाच्या उत्पन्नाला वजन आहे. यांपैकी एकाचा दर उचलून आपल्या गावात लावणे निरर्थक आहे, कारण तो दर त्या संस्थेच्या उत्पन्नाच्या रचनेतून आलेला असतो. जे संग्रहालय फुकट दिसते, त्याचेही पैसे कोणीतरी भरलेले असतातच.

ब्रिटनचे उदाहरण आपल्याकडील चर्चेत नेहमी येते, आणि तेही अर्धेच सांगितले जाते. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडले तेव्हापासून प्रवेश मोफत ठेवण्याचे धोरण आहे. १९७४च्या आरंभी काही महिने तेथे शुल्क लावले गेले होते, ते लवकरच रद्द झाले. मात्र त्याच देशातील इतर काही राष्ट्रीय संग्रहालयांनी १९८०च्या दशकापासून तिकीट लावले. ते १ डिसेंबर २००१ पासून पुन्हा बंद झाले आणि पूर्वी शुल्क घेणाऱ्या त्या संग्रहालयांत पहिल्याच वर्षी येणाऱ्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. मोफत प्रवेशाच्या बाजूने हा आकडा फार मोठा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्यामागे सरकारी अनुदान होते, मोफत प्रवेश देणाऱ्या संग्रहालयांना खरेदीवरील कर परत मिळावा म्हणून कायद्यात बदल केलेला होता, आणि विशेष प्रदर्शनांना तिकीट होतेच. जेथे अनुदान नाही तेथे केवळ तिकीट काढून टाकले, तर छताची गळती दुरुस्त करायला पैसे राहत नाहीत. ओल आलेल्या भिंतीवरचे चित्र मग फुकट पाहणाऱ्यालाही दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. तेथे १९७० पासून 'इच्छेनुसार द्या' अशी पद्धत होती आणि एक सुचवलेली रक्कम लिहिलेली असे. ती पूर्ण रक्कम देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे तेरा वर्षांत ६३ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले, असे संग्रहालयाने स्वतः सांगितले. १ मार्च २०१८ पासून बाहेरून येणाऱ्या प्रौढांना २५ डॉलर सक्तीचे झाले. न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांसाठी मात्र इच्छेनुसार देण्याची सवलत कायम राहिली. संग्रहालय ज्या लोकांच्या करातून आणि सोबतीने उभे राहिले त्यांना दार उघडे ठेवायचे आणि प्रवासखर्च करून आलेल्या पाहुण्याकडून शुल्क घ्यायचे, ही त्यातली कल्पना लहान गावालाही लागू पडते.

कोणाकडून घ्यावे, कोणाकडून घेऊ नये

मुलांकडून काहीही घेऊ नये. याबाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांवर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, आणि आपल्या लहान संस्थेने त्याहून कडक असण्याचे कारण नाही. शाळेच्या सहलीबरोबर आलेले शिक्षक, वाहनचालक आणि मदतनीस यांनाही मोफत सोडावे. सहलीची वर्गणी काढताना एखाद्या मुलाचे नाव केवळ पैशांमुळे गळते, हे शिक्षकांना विचारले तर कळेल. सहलींसाठी शुल्काऐवजी आगाऊ पत्र मागावे, म्हणजे त्या दिवशी माहिती सांगायला माणूस ठेवता येतो.

अपंग व्यक्तीसोबतच्या मदतनीसाला तिकीट नसावे. चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी चार-चार दिवस येऊन रेखाटने करतात. त्यांना ओळखपत्रावर मोफत प्रवेश द्यावा आणि बसायला स्टूलही द्यावे. ज्यांच्या घरून वस्तू संग्रहालयाला मिळाल्या आहेत, त्या कुटुंबांकडून कधीही पैसे मागू नयेत. पणजोबांची तलवार पाहायला आलेल्या मुलीला खिडकीवर अडवल्याचा प्रसंग एका ठिकाणी घडलेला मला ठाऊक आहे. अशा कुटुंबांची यादी खिडकीपाशी ठेवली असती, तर तो टळला असता.

परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा, मोठा दर ठेवावा का, असे विचारले जाते. पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ साली अजिंठा-वेरूळसारख्या जागतिक वारसा स्थळांवर भारतीयांसाठी ४० आणि परदेशी पर्यटकांसाठी ६०० रुपये दर ठरवला. तेथे परदेशी पर्यटक मोठ्या संख्येने येतात. तालुक्याच्या गावात वर्षाला मोजके परदेशी पाहुणे येत असतील, तर त्यांच्याकडून मिळणाऱ्या जादा रकमेपेक्षा खिडकीवर होणारी ओशाळवाणी विचारपूसच अधिक महाग पडते. येथे मी एकच दर ठेवीन.

गावातील आणि तालुक्यातील रहिवाशांसाठी वर्षभराचे कार्ड काढावे, नाममात्र रकमेत आणि कुटुंबाच्या नावे. दरवेळी आधारकार्ड दाखवायला लावणे अपमानास्पद वाटते. एकदा काढलेले कार्ड मात्र लोक जपून ठेवतात आणि पैपाहुणे आले की ते बरोबर घेऊन येतात.

मोफत दिवस बाजाराच्या वारी ठेवावा

पुष्कळ संस्था १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, प्रवेश मोफत ठेवतात. ते चांगलेच आहे, परंतु वर्षातला एक दिवस पुरत नाही, आणि मेमधला तो दिवस आपल्या गावातल्या किती जणांच्या लक्षात राहतो याची शंका आहे. आठवड्यातला एक ठरावीक दिवस मोफत असावा आणि तो आठवडी बाजाराचा असावा. त्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे, एरवी जी कधीच संग्रहालयासाठी वेगळा प्रवास करणार नाहीत, ती आपसूक गावात आलेली असतात. दुपारी बाजार जरा थंडावतो आणि परतीच्या एसटीला अवकाश असतो, तो वेळ आपला आहे. मोफत वेळ सोमवारी सकाळी दहा ते बारा असा ठेवला, तर तो कागदावर दिसतो, पण मजुरीवर असलेल्या माणसाच्या उपयोगाचा नसतो.

बाजाराच्या दिवशी पिशव्या, टोपल्या, क्वचित कोंबडीसुद्धा बरोबर असते. दाराशी सामान ठेवायला सावलीत फळी आणि लक्ष ठेवायला माणूस हवा. पिण्याच्या पाण्याची सोय दर्शनी ठेवावी. ही व्यवस्था नसेल, तर फलकावर 'मोफत' लिहूनही माणसे आत येत नाहीत, आणि मग मंडळात कोणीतरी म्हणते की लोकांना रसच नाही.

खिडकी आणि फलक

दरफलक मराठीत, मोठ्या अक्षरात आणि रस्त्यावरून वाचता येईल असा असावा. त्यावर आधी कोणाला मोफत आहे ते लिहावे, नंतर दर. 'मुलांना प्रवेश मोफत. दर मंगळवारी सर्वांना मोफत. इतर दिवशी प्रौढांना २० रुपये.' एवढे पुरे आहे. मंगळवारच्या जागी आपला बाजारवार घालावा. 'विनातिकीट प्रवेश केल्यास कारवाई करण्यात येईल' अशी वाक्ये काढून टाकावीत. ती वाचून बुजणारा माणूस नेमका तोच असतो, ज्याला आपण बोलवू पाहत आहोत.

रक्कम अशी ठेवावी की सुट्या पैशांची अडचण होणार नाही. १५ किंवा २५ रुपयांच्या दरात खिडकीवरचा निम्मा वेळ सुटे शोधण्यात जातो. यूपीआयचा क्यूआर कोड जरूर लावावा, परंतु तो संस्थेच्या खात्याचाच असावा आणि रोख स्वीकारणे बंद करू नये. तिकिटांवर क्रमांक छापलेले असावेत, दिवसअखेरीस पहिला व शेवटचा क्रमांक वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मोफत जाणाऱ्यांनाही शून्य रुपयांचे तिकीट द्यावे. त्याने मोजणी राहते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सारखाच कागद असतो.

कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क ही जुनी पद्धत आता सोडून द्यावी. कॅमेरा फार थोड्यांकडे असे, तेव्हा तिला अर्थ होता. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि पहारेकऱ्याचा दिवस लोकांच्या हातांवर नजर ठेवण्यात जातो. चित्रे आणि कापड यांना झळझळीत प्रकाशाने इजा होते, म्हणून फ्लॅशला मनाई ठेवावी. साध्या छायाचित्राला परवानगी द्यावी. व्यावसायिक चित्रीकरणासाठी मात्र लेखी अर्ज, अनामत आणि भरीव शुल्क घ्यावे. सामान्य माणसाच्या वीस रुपयांपेक्षा ही रक्कम संस्थेला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

दानपेटी कोठे आणि कशी

दानपेटी प्रवेशद्वारी ठेवली, तर ती दुसरे तिकीट वाटते. ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, शेवटच्या दालनानंतर ठेवावी, आणि पैसे कशासाठी हवेत ते नेमके लिहावे. 'संग्रहालयास सढळ हस्ते मदत करा' यापेक्षा 'या दालनातील पाच पोथ्यांसाठी आम्लरहित कागदाच्या पेट्या करायच्या आहेत. एका पेटीचा खर्च अमुक रुपये' असे लिहिलेले वाचून माणूस खिशात हात घालतो. काम झाले की पोथीची ती नवी पेटी तेथेच मांडून दाखवावी आणि पुढचे काम लिहावे. तरीही मेट्रोपॉलिटनचा अनुभव लक्षात ठेवून, स्वेच्छेने येणाऱ्या रकमेवर पगार आणि वीजबिल अवलंबून ठेवू नये. ते खर्च कायम ठेवींचे व्याज, अनुदान, सभागृहाचे भाडे आणि तिकीट यांतून भागावेत.

ठराव कसा करावा

निर्णय झाला की ठरावात दर, सवलती, मोफत दिवस आणि फेरविचाराची तारीख या चारही गोष्टी लिहाव्यात. फेरविचाराची तारीख नसेल, तर एकदा ठरलेला दर दहा वर्षे तसाच राहतो आणि मग एकदम तिप्पट केला जातो. वर्षभरानंतरच्या बैठकीत उत्पन्नाच्या आकड्याआधी परत फिरलेल्यांच्या रेघा आणि बाजाराच्या दिवसाची मोजणी वाचून दाखवावी. रेघा वाढल्या असतील, तर दर उतरवण्याचा प्रस्ताव त्याच बैठकीत मांडावा, पुढे ढकलू नये.

आमच्याकडे दर वाढवला नाही. मोफत दिवस बाजाराच्या वारी आणला आणि मुलांचे दहा रुपये काढून टाकले. जात्याखालची पाटीही बदलली. बाजाराच्या दिवशी त्या दालनात थांबून बायका ज्या ओव्या आणि मापांची जी नावे सांगतात, ती लिहून घेण्यासाठी पहारेकऱ्याजवळ एक वही ठेवली आहे, आणि नव्या पाट्यांचा मजकूर आता त्या वहीतून घेतला जातो.